फिटकरीतलं पाणी

चहा घेता घेता सांगतो, पण ऐकून कॉलोनीभर करू नका. तशीही माझी पत आता फारशी उरलेली नाही.

सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यात सव्वीस वर्षं केमिस्ट आहे मी. सव्वीस वर्षं एकच काम, लोखंडाचा दगड कुटायचा आणि त्यात लोखंड किती ते सांगायचं. पार कंटाळलोय हो! पण घरात एकच माणूस मला अजून शास्त्रज्ञ समजत होता, आमची लेक ऋचा, इथल्या हिंदी शाळेत अकरावीला. तिला सोमवारी केमिस्ट्रीची फाइल द्यायची होती. फिटकरीच्या सूत्रात पाण्याचे रेणू किती, ते प्रयोग करून काढायचं होतं.

सोपं काम! फिटकरीच्या खड्यात पाणी कोंडलेलं असतं. खडा तोला, तापवा, पाणी उडालं की पुन्हा तोला. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी, पुढे नुसता हिशेब. पुस्तकात उत्तर आहे बारा. रविवारी सकाळी, अंग दुखत असतानाही, मी बाह्या सरसावल्या.

बायकोचा केकवाला इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. स्टीलची वाटी झाकणासकट तोलली, मग फिटकरी घालून पुन्हा झाकणासकट तोलली. गॅसवर ठेवली. फिटकरी बुडबुडली, फुगली, तसं वाफ जाऊ द्यायला झाकण काढून ओट्यावर ठेवलं. सगळं कोरडं झाल्यावर वाटी निवू दिली, तोलली आणि हिशेब मांडला.

उत्तर आलं पंच्याऐंशी.

एका रेणूमागे पंच्याऐंशी पाणी! ही फिटकरी होती की तलाव?

ऋचा हळूच म्हणाली, "पापा, बुक में तो बारह है."

मी तिला समजावलं की पुस्तक पुस्तकाच्या जागी, खरा शास्त्रज्ञ प्रयोगावर विश्वास ठेवतो. आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. या वेळी आले त्र्याऐंशी. आता सांगा, दोनदा जवळपास तेच उत्तर आलं तर माणसाने काय समजायचं? मी समजलो की माझं काही चुकलेलं नाही, मालच ओला आहे.

तसाच गोल बाजारात गेलो, भर उन्हात. फिटकरी ज्याच्याकडून आणली त्या म्हाताऱ्या दुकानदाराला झापलं, की पाणी मारून विकता म्हणून. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"भैया, चालीस साल से बेच रहा हूँ. लोग इसे गाल पर लगाते हैं. भूनकर लड़ने वाले आप पहले हो."

चार गिऱ्हाइकं हसली. मी उरलेला खडा त्याच्या गल्ल्यावर आपटला आणि ताठ मानेने घरी आलो.

जेवायला बसलो. बायकोने समोर वांग्याची भाजी ठेवली, वर एक छोटं झाकण. झाकणावर मार्करने एक आकडा लिहिलेला. अक्षर माझंच होतं. सकाळी वाटीचं वजन मीच टिपून ठेवलं होतं त्यावर.

घास हातातच राहिला.

"हे झाकण इथं काहून?"

"भाजीवर काय ठेवू मंग?" बायको म्हणाली. "दोन्ही टायमाले ओट्यावर तसंच पडून होतं. मले वाटलं, तुमचं झालं."

म्हणजे आधी झाकणासकट तोललं आणि नंतर झाकणाशिवाय. झाकणाचं सगळं वजन मी पाणी म्हणून उडवलं होतं, तेही दोनदा! तिचा काय दोष? ती भाजी झाकून राहिली होती, मी अक्कल.

ऋचा ताटावरून उठली, झाकण धुतलं, पुसलं, तोललं आणि ते वजन परत मिळवून हिशेब केला. उत्तर बारा. मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

संध्याकाळी तिने फाइल समोर धरली, पालकाची सही हवी होती. शेवटच्या पानावर सुंदर अक्षरात 'त्रुटि के कारण', म्हणजे चुकीची कारणं, असं लिहिलं होतं. मी चष्मा लावून वाचलं. पहिलं कारण, ढक्कन. दुसरं कारण, पापा.

विचार केला, खोडायला सांगावं. पण सव्वीस वर्षांत इतका अचूक रिपोर्ट मी स्वतः कधी दिला नव्हता. सही करून टाकली.