पस्तीस ग्रॅमची घट

यंदाच्या फेब्रुवारीतला रविवार, ठिकाण धुळे, माझ्या मुलीचं सासर. रक्कम नऊ लाख ऐंशी हजार. हजर होतो मी, माझी पत्नी, मुलगी, जावई आणि व्याही. विहीणबाई आत पाहुण्यांची पानं वाढत होत्या, म्हणून त्यांना धरत नाही.

मुलीचं डोहाळजेवण नुकतंच आटोपलं होतं. तिला सातवा महिना. मंगळवारी सासरच्या रिवाजाप्रमाणे गडावर जाऊन देवीची ओटी भरायची आणि मग आम्ही तिला बाळंतपणासाठी जळगावला, मेहरूणला घेऊन जायचं, असं ठरलं होतं. गडावर जावयाच्या गाडीतून जायचं होतं.

ही गाडी त्यांनी दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली, बासष्ट लाखांना. परदेशी बनावटीची, बुटकी, आवाज ऐकून म्हशी बिथराव्यात अशी. व्याह्यांची सराफीची पेढी आहे, जावई ती चालवतात, स्वतःच्या कमाईतून गाडी घेतली, त्याबद्दल मला बोलायचं काही कारण नव्हतं. नऊ लाख ऐंशी हजारांचा आकडा ऐकेपर्यंत मी बोललोही नव्हतो.

आकडा जावयांनीच हसत सांगितला. नाशिकच्या गॅरेजमध्ये टायर बदलायला गाडी दिली होती, त्यांनी सोबत ब्रेकचंही एस्टिमेट पाठवलं. "पुढच्या दोन डिस्क आणि पॅड, नऊ ऐंशी. मामा, एवढ्यात साधी गाडी येते!"

मी विचारलं, खराब झाल्यात का?

"खराब कसल्या! वजनात जराशी घट आलीये."

ब्रेकचं वजन करतात हे मला नवीन होतं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. साध्या गाडीची डिस्क लोखंडी असते, तिला स्टीलची म्हणतात, ती झिजली की पातळ होते आणि जाडी मोजली की कळतं. ह्या गाडीची डिस्क कार्बन सिरॅमिकची. ती वजनाला निम्मी, गंजत नाही, चाकावर काळी भुकटी उडत नाही, पुन्हापुन्हा तापली तरी पकड सोडत नाही. पण फार तापली की तिच्यातला कार्बन आतून जळत जातो. जाडी तेवढीच दिसते, वजन मात्र उतरतं. म्हणून बनवणाऱ्याने प्रत्येक डिस्कवर कमीत कमी किती वजन हवं तो आकडा कोरलेला असतो. गॅरेजवाले डिस्क काढून काट्यावर ठेवतात.

"कोरलेलं किती?"

"पाच किलो आठशे वीस."

"भरलं किती?"

"डावी पाच सातशे पंच्याऐंशी. उजवी सातशे नव्वद. पस्तीस ग्रॅम, मामा! अर्धा टक्का. सहा किलो चांदी आटवली तर एवढी घट आम्ही हिशेबातसुद्धा धरत नाही."

"पॉइंट सहा," मी म्हणालो.

"काय?"

"अर्धा नाही. पॉइंट सहा टक्के."

पत्नी म्हणाली, "ह्यांना गाडीचं नाव विचारा, सांगता यायचं नाही." सगळे हसले. मी हसलो नाही. मी पाइपांच्या कारखान्यात मालाच्या तपासणीवर आहे. पाइपाच्या जाडीचा किमान आकडा असतो आणि त्याच्या खाली एक पाइप आला तरी तो बाजूला पडतो. सूट द्यायची ती आकडा ठरवतानाच दिलेली असते. सराफाच्या घरात मात्र घट ही रोजची गोष्ट आहे. आटवणीत, घडाईत ती जाणारच, ती किती धरायची हे दोघांनी बसून ठरवायचं. जावई बेफिकीर नव्हते. ते त्या कोरलेल्या आकड्याकडे धंद्याच्या नजरेने बघत होते.

मी मोबाइलवर एस्टिमेट मागून घेतलं. खाली दोन ओळी होत्या. पुढच्या डिस्क वापरण्यास योग्य नाहीत. आणि दुसरा पर्याय: चारही चाकांना स्टीलच्या डिस्क व पॅड, चार लाख पंधरा हजार.

"मग स्टीलच्या बसवा ना, जावईबापू."

"सोन्याच्या साखळीला पितळेची कडी? गाडी विकताना कोण विचारेल?" ते म्हणाले. "वर्षभराने बघू. पैसे साठले की सिरॅमिकच टाकतो."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी काय?"

गडाचा उतार माझ्या डोळ्यांपुढे होता. मागच्या सीटवर मुलगी. तेवढ्यात मी एक चूक केली. म्हणालो, "चार पंधरा मी भरतो. मुलीसाठी समजा."

व्याही सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. ह्या माणसाने लग्नात आमच्याकडून एक रुपया घेतला नाही, मांडवाचा निम्मा खर्च स्वतःहून उचलला. घरात ते नेहमी आमच्याशी साधं मराठी बोलतात. त्या वेळी अहिराणीत बोलले, "तुमना पैसा तुमनाजोडेच राहू द्या. हाऊ इषय आते बंद शे."

माझे पैसे माझ्याजवळ, विषय बंद. पत्नीने माझ्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं. रस्ताच बंद करून टाकला होता मी.

जावयांना माझी कीव आली असावी. उठून म्हणाले, "चला मामा, लळिंगच्या घाटातून चक्कर मारू. ब्रेक कसे लागतात ते स्वतः बघा."

गेलो. ऊन उतरलं होतं. घाट चढून गाडी वळवली आणि उताराला लागलो. पुढे कांद्याचा ट्रक होता. जावयांनी वेग उतरू दिलाच नाही. ट्रकचं फाळकं मोठं होत गेलं, फाळक्यावरचा नंबर वाचता यायला लागला, माझे पाय आपोआप पुढे रेटले गेले. मग त्यांनी ब्रेक दाबला. पट्टा छातीत रुतला आणि गाडी खुंट्याला बांधल्यासारखी थांबली. आवाज नाही, थरथर नाही.

"बोला. कुठे कमी पडला?"

 खरोखर उत्तम लागला होता.

परत आलो तेव्हा मुलगी बैठकीत पाय वर घेऊन बसली होती. तिने थेट मलाच विचारलं, "पप्पा, कसे आहेत ब्रेक?"

खोटं बोललो असतो तर कदाचित काम झालं असतं. म्हणालो, "चांगले लागतात. एकदम."

पत्नीने कपाळाला हात लावला. जावई म्हणाले, "ऐकलंस?"

"मग काळजी कसली, पप्पा?"

"आकडा कमी आहे. आज लागले म्हणून तो भरून येत नाही."

तिने पाय खाली सोडले. मग नवऱ्याला म्हणाली, "मी मंगळवारी ह्या गाडीत बसणार नाही."

"माझ्या चालवण्यावर भरवसा नाही?"

"चालवण्यावर आहे." ती शनिवारी पेढीच्या काउंटरवर बसते. "मागच्या शनिवारी एका ताईंची पाटली चिठ्ठीपेक्षा पाव ग्रॅम कमी भरली. मी म्हटलं, जाऊ द्या, त्यांना काय कळतंय. तेव्हा तुम्ही मला काय बोललात?"

जावई खिडकीबाहेर बघू लागले. व्याह्यांनी विचारलं, "काय बोलला रे?"

"चिठ्ठीवर लिहिलं तेवढं भरलंच पाहिजे," ते बाहेर बघतच म्हणाले. व्याही माझ्याकडे वळले. दुपारपासून पहिल्यांदाच. "कोरलेलं किती म्हणालात?"

"पाच आठशे वीस."

"आणि भरलं?"

"पाच सातशे पंच्याऐंशी. डावी."

"म्हणजे बनवणाऱ्यांनी घट धरूनच पाच आठशे वीस कोरलंय?"

"हो. त्याच्या खाली नाही."

त्यांनी हात पुढे केला. जावयांनी क्षणभर वाट पाहिली आणि किल्ली हातावर ठेवली. "हे मशीन दारात उभं राहू दे," व्याही म्हणाले, "सिरॅमिक घाल नाहीतर सागवानी घाल, तुझ्या पैशाने घाल. तोवर सूनबाई भाड्याच्या गाडीने जाईल." किल्ली खिशात टाकून ते माझ्याकडे न बघता आत गेले. पैशाचं बोललो होतो ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं, आणि जावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

गाडी तीन आठवडे उभी होती. सिरॅमिकसाठी थांबायचं तर वर्ष, त्यात बाळ येणार. जावयांनी स्वतःच गॅरेजला फोन करून स्टील सांगितलं. आता ते म्हणतात पेडल जड लागतं, दर रविवारी चाकं काळी होतात, आणि खड्ड्यात गाडी पूर्वीसारखी हलकी उठत नाही. ह्यातलं काही खोटं नसावं. मेहरूणला बाळ बघायला ते त्याच गाडीने येतात.

शेवटचा हिशेब असा. स्टीलचा पूर्ण संच चार लाख पंधरा हजार. मागच्या दोन सिरॅमिक डिस्कचं वजन मर्यादेत होतं, त्या गॅरेजने साठ हजारांना ठेवून घेतल्या. बाकी तीन लाख पंचावन्न हजार जावयांनी स्वतःच्या खात्यातून नाशिकच्या गॅरेजला भरले. मंगळवारच्या भाड्याच्या गाडीचे सहा हजार चारशे झाले. गडाच्या पायथ्याशी मी पाकीट काढलं तेव्हा व्याही म्हणाले, "ओटी दोन्ही घरांची आहे, निम्मे द्या." तीन हजार दोनशे रुपये मी ड्रायव्हरच्या हातात दिले.