वाळवी, सोनकिडा आणि आईचं भाषण

समस्त जनांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, लालबागच्या आमच्या चाळीचे एकुलते एक टेबल, वरचे पॉलिश शाबूत असताना, ऐन सभेच्या दिवशी दुपारी कैलासवासी झाले. उचलायला गेलो तर पाय हातात आला आणि त्यातून भुसभुशीत माती सांडली. वाळवी!

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. त्या संध्याकाळी चाळीच्या अंगणात, त्याच टेबलावर उभं राहून, माझी आई आयुष्यातलं पहिलं भाषण करणार होती. आठवडाभर ती स्टोव्हपुढे पुटपुटत होती आणि आम्ही करपलेली आमटी देशकार्य समजून गिळत होतो.

बाबा गिरणीत सुतार. माझगावच्या गोदीतून आलेल्या खोक्यांच्या फळ्या ठोकून त्यांनी घाईघाईनं मंच उभा केला. चारचौघांत ते आईला हाकसुद्धा मारत नसत. नुसते खाकरत, आणि तिनं ओळखायचं.

आई मंचावर चढली. “बंधूंनो, भगिनींनो” म्हणाली आणि पुढचं सगळं विसरली. पुढच्या रांगेत एक बाई खुदकन हसली.

तेवढ्यात आईच्या पायाशी, फळीतल्या भोकातून, एक सोनकिडा बाहेर आला. हिरवा, वर सोनेरी झाक, थेट पैठणी नेसून आलेला! आईनं वाकून त्याला तळहातावर घेतलं.

“चाळीचं टेबल वाळवीनं खाल्लं,” ती म्हणाली. “आणि हा बघा, हाही लाकडातच वाढलाय.”

वरच्या गॅलरीतून टोमणा आला, “म्हणजे दोघं लाकूडखाऊच की, वहिनी!”

“आहेतच, भावजी! मुंबईचं आपणही खातो. पण वाळवी आतून पोखरते, वर पॉलिश तसंच ठेवते आणि उजेड पडला की मातीत तोंड लपवते. हा लाकूड खाऊन मोठा झाला आणि चारचौघांत बाहेर आला. आपण गिरण्या चालवतो आणि मुंबई मागतो, ती अशी, तोंड दाखवून!”

सोनकिड्यानं, कुणी तालीम घेतल्यासारखे, नेमके तेव्हाच पंख उघडले. टाळ्यांनी अंगण दणाणलं. आणि त्या गोंगाटावर, मागच्या रांगेतून, हातोडी उंचावून, आमचे मुके बाबा आईकडे बोट दाखवत थेट गावाकडच्या मालवणीत गरजले,

“अरे, ती माझी बायल आसा, बायल!”