आश्रुबाची दाढी

आश्रुबाला सिनेमात एक वाक्य बोलायचं होतं. एकच. तीन वर्षं तो मला हे सांगत होता.

गावच्या जत्रेतल्या नाटकात तो दरवर्षी काम करायचा. कधी पाटील, कधी फौजदार. बाकीचं वर्ष तो आणि साखरावहिनी ऊस तोडायचे. दिवाळी झाली की टोळीच्या ट्रकनं कराडकडे, उन्हाळ्यात परत. मी त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान. मराठी घेऊन एम. ए. झालेला, बिनकामाचा. आमची दोस्ती तालमीतली. तो अडला की मी पडद्यामागून वाक्य सांगायचो.

सोळा सालच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. तालुक्यातल्या सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर त्या हंगामात पेटलाच नव्हता. त्याच्या रिकाम्या आवारात मुंबईचे लोक शूटिंगला आले. दुष्काळाचाच सिनेमा होता. इथल्या माणसांची नावं लिहून घ्यायला त्यांना कुणी हवं होतं. अक्षर चांगलं म्हणून मला घेतलं.

तिथली रीत मी चार दिवसांत शिकलो आणि आश्रुबाला सांगितली. गर्दीत उभं राहायला काही लागत नाही. बोलायचं असेल तर मुंबईत युनियनचं कार्ड मागतात. पण शूटिंग असं बाहेरगावी असलं की एखाददुसरं वाक्य बिनकार्डाच्या माणसालाही मिळतं. फोटो तीन काढायचे, एक समोरून, दोन बाजूंनी. तोंडाला पावडर लावायची नाही. कागदावर नाव, वय, उंची, फोन. कुणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. आणि फोन येईपर्यंत वाढलेली दाढी काढायची नाही, चेहरा फोटोतल्यासारखाच हवा.

कागद मीच लिहून दिला.

"मंग निवड झाली की फोन येतो?"

"येतो."

"लई सोपं हाय की बे!"

निवडीच्या दिवशी सकाळी तो फाटकातून आत आला, तेव्हा सोबत साखरावहिनी होत्या. त्यांच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं, हातात पाण्याचा कॅन. आश्रुबाच्या काखेत फडक्यात गुंडाळलेले दोन कोयते.

निवड करणाऱ्या मॅडमनी चष्मा वर सरकवला. "एकालाच बोलावलंय ना?"

"एक कोयता म्हंजी दोगं, मॅडम," आश्रुबा म्हणाला. "एकट्या गड्याला कोन कामावर घेतंय?"

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. मॅडमना ते ठाऊक नव्हतं. मला होतं. टेबलाभोवतीची मुंबईची पोरं हसली. मीही हसलो. त्यांच्याहून मोठ्यानं.

"तुमच्या ओळखीचे?" मॅडमनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "असतील कुणी आसपासचे."

आश्रुबा माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कारखान्याच्या वजनकाट्याकडे पाहत राहिला.

मॅडमनी त्याला वाक्य दिलं. टँकर निघून गेलाय, घागर रिकामीच राहिलीय, आणि म्हणायचं, "उद्या येईल का?" आश्रुबानं घागर घेतली. फाटकाबाहेर बराच वेळ पाहिलं. मग ते वाक्य तो वहिनींकडे बघून म्हणाला, हळूच. जसं घरात विचारतात तसं.

टेबलाभोवतीची पोरं पुढं सरकली.

"चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. "कार्ड नाही तुमच्याकडे. पाच दिवसांचं काम आहे. मधेच कुठं मजुरीला निघून गेलात तर माझं शूटिंग अडकेल. इथलं कुणी ओळखतं का तुम्हाला? येईल म्हणून शब्द देईल असं?"

आश्रुबानं घागर खाली ठेवली. मॅडमनी त्याचा कागद उचलला. मग माझ्यापुढची वही पाहिली. अक्षर एकच होतं.

"हे कुणी लिहून दिलं?"

एक शब्द पुरला असता.

"हाटेलात एक पोरगं बसलं होतं," आश्रुबा म्हणाला. "त्यानं दिलं. नाव ठावं न्हाई."

वहिनींनी पदर सारखा केला आणि गाठोडं उचललं.

"कळवू," कागद परत देत मॅडम म्हणाल्या. ते दोघं फाटकाबाहेर गेल्यावर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नाव कापा."

मी कापलं. रेघ सरळ आली.

संध्याकाळपर्यंत ते काम कुणालाच दिलेलं नव्हतं. मला सांगता आलं असतं. पण मग मी खोटं बोललो हेही सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी मुंबईहून कार्डवाला माणूस आला.

आश्रुबानं दाढी केली नाही. जूनमध्ये नाही, पोळ्यालाही नाही. पारावरची माणसं विचारायची, "कावून बे आश्रुबा, बुवा व्हायचंय का?"

"फोन यायचाय," तो म्हणायचा.

मी तिथं असलो की चपलांकडे बघायचो. सगळं सांगून टाकू म्हणून तीनदा त्याच्या घरी गेलो. तिन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. चहा वहिनी करायच्या. कप पुढ्यात ठेवून आत जायच्या.

दिवाळी झाली. टोळीचा ट्रक आला. वहिनी वर चढून बसल्या. आश्रुबाची दाढी गळ्याखाली उतरली होती. त्यानं खिशातून मोबाइल काढून माझ्या हातात दिला.

"फडात रेंज नसती. तुझ्यापाशी असू दे. त्यांचा आला तर सांग, चार दिसात येतो. दाढी तशीच हाय म्हन."

"बरं."

"अन् तू कोन असं इचारलं," त्यानं ट्रकच्या फळीला हात घातला. "तर सांग, वळखीचा हाय."

ट्रक गेला. मोबाइल माझ्या टेबलावर असतो. दर दोन दिवसांनी मी तो चार्ज करतो.