डाव्या गालावरचा उजेड

सत्काराची शाल खांद्यावर पडली, तेव्हा जुन्या चित्रपटांतल्या त्या नायिकेने मान किंचित वळवली. उजेड बरोबर डाव्या गालावर आला आणि मगच डोळ्यांतलं पाणी ओघळलं. सभागृह हेलावलं. मला मात्र शंका आली. जन्मभर उजेड शोधून रडलेल्या बाईला अंधारात, एकटीला, रडता येत असेल का? की आता अश्रूही नुसत्या सवयीने येतात?

चहाच्या वेळी न राहवून मी विचारलंच, "ताई, मघाशी खरंच रडू आलं होतं?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "पहिल्या रांगेत होतात ना तुम्ही? टाळ्या वाजवताना शेजारच्याकडे बघत होतात. तो थांबला, तसे तुम्हीही थांबलात."