बावचीचं तेल

शेजारणीने आणून दिलेल्या बाटलीचं बूच काढलं, बावचीच्या तेलाचा कडू, उग्र वास नाकात शिरला आणि मला माझ्या ताईचा हात आठवला. मी लहान असताना तिच्या मनगटावर पांढरा डाग उठला होता आणि तिला बघायला पाहुणे येणार होते. डोळखांबकडच्या वैदूने हेच तेल दिलं, लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात जरा बस म्हणाला. ताईने आईला विचारलं, "किती वेळ बसू?" आई म्हणाली, "जेवढं ऊन लागंल तेवढं बरं गो." डाग पसरू नये म्हणून ताईने कोपरापर्यंत तेल चोपडलं आणि भर दुपारी खळ्यावर नाचणी राखत बसली. त्या दिवशी काहीच झालं नाही. तिसऱ्या सकाळी तिने किंकाळी फोडली. हातभर पाण्याने टरारलेले फोड आले होते, मधली कातडी काळीनिळी पडली होती. "माझा हात जाईल काय गो?" ती विचारत राहिली आणि आई तिच्याकडे बघेना. शहापूरचे डॉक्टर म्हणाले, "या तेलावर ऊन पडलं की कातडीतला प्राणवायूच उलटतो. लोखंडाला गंज खातो ना, तसं हे आतून खातं, पण तासाभरात. दिसतं मात्र दोन दिवसांनी." हात वाचला, पण त्या दुपारचं ऊन माझ्या पोटात तसंच राहिलं. मी घाईघाईने बूच लावते आहे, तोवर शेजारणीचं ऐकून माझी लेक अंगणात जाऊन बसली आहे, कपाळावरचा पांढरा डाग उन्हाकडे करून, आणि तिथूनच विचारते आहे, "आई, किती वेळ बसू?"