काका, पाय वर

बत्तीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय आणि माझं स्पष्ट मत आहे की नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला गाडी शिकवू नये. तशी पाटी माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर लावायचीच तेवढी राहिली आहे. पण हे मी जिला घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं ती माझ्याकडेच नोकरीला, आणि माझं ऐकायची तिला पहिल्यापासून सवय नाही.

आठ वर्षांपूर्वी ती माझ्याकडे शिकायला आली. महिन्याभरात मलाच माझ्या चुका दाखवायला लागली, म्हणून मी तिला शिक्षिका करून टाकली. शिकणारी मंडळी तिला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे ब्रेकबाई. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर हिच्याइतका तयार पाय मी दुसरा पाहिला नाही. मांजर आडवं जाणार हे मांजराच्या आधी हिच्या पायाला कळतं.

त्या पायाला सुट्टी मात्र माहीत नाही. दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसली की ही खालची चटई दाबत बसते आणि घरी येऊन पोटरी चोळते. एकदा टॅक्सीत मागे बसून तिने इतक्या वेळा "सांभाळून" म्हटलं, की ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "बाई, तुम्हीच चालवा ना." ती लगेच दार उघडून पुढे गेली. तो बिचारा घरापर्यंत मागे बसून आला आणि उतरताना म्हणाला की चालवता छान.

नवरा शिंपी. आमच्या ऑफिसापासून दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान आहे. एक मोटरचं मशीन, एक इस्त्रीचं टेबल, आणि बायकांचे कपडे शिवून घ्यायला लागलेली रांग. माणूस अबोल. दिवसभर तोंडात टाचण्या धरून बसलेला माणूस बोलणार तरी काय, आणि घरी गेल्यावर बोलायला जागा कोण देणार? पण मापाला असा पक्का की बाळाची चाहूल पहिल्यांदा त्याच्या टेपला लागली. बायकोचा नवीन ड्रेस बेतत असताना तो थबकला, दुसऱ्यांदा टेप लावली आणि म्हणाला, "हा पाऊण इंच कुठून आला?" ती म्हणाली, हल्ली जेवण जास्त होतंय. तो म्हणाला, जेवणाचा इंच इथे नसतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं, फक्त त्यासाठी त्यांनी रक्त काढून घेतलं.

मग दर रविवारी टेप. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत बायकोचं एक वेगळं पान झालं. तपासणीला डॉक्टरीणबाई पोटाला टेप लावायच्या तेव्हा हा खुर्चीतून वाकून बघायचा. एकदा म्हणालाच, "मॅडम, टेप तिरकी धरलीय." त्यानंतर बाईंनी त्याला बाहेर बसवायला सुरुवात केली.

तिसऱ्या महिन्यात ब्रेकबाई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "काका, ह्याला गाडी शिकवतेय. दवाखान्यात नेताना आणि आणताना हाच चालवणार."

"मी काय मेलोय का?" मी विचारलं. "मी नेईन की."

"तुमच्या गाडीत बसले तरी माझा पाय दाबलेलाच असतो." मग नेहमीचा सूर सोडून म्हणाली, "बाळाला घरी आणताना मला मागे बसायचंय, काका. पाय मोकळे सोडून. आठ वर्षांत एकदाही बसले नाही. जन्माचा जोडीदार आहे, निदान त्याच्या गाडीत तरी बसता यावं ना मला?"

ती माझ्याकडे कधी काही मागत नाही, थेट घेऊनच जाते. ही मात्र मागत होती. मी किल्ली पुढे सरकवली आणि वर तोंड करून म्हटलं की बंपरला ओरखडा आला तर पगारातून कापीन. कापला नसता, पण म्हणायला लागतं.

शिकवणी सुरू झाली. घरी ती त्याला अरेतुरे करायची, गाडीत मात्र सगळ्या शिकाऊंसारखं तुम्ही. तोही तिला मॅडम म्हणायचा. "मॅडम, गिअर टाकू?" "टाका, विचारता काय." दोघं अर्धा तास परक्यासारखी गाडी फिरवायची आणि उतरल्यावर भाजी कुठली न्यायची यावरून भांडत घरी जायची. गाडी तो छान चालवायचा. हात हलका, वळण शिलाई घातल्यासारखं सुबक. थांबवायचा तर इतकी अलगद की डॅशबोर्डवरची पेन्सिल हलायची नाही. ती मला चारचौघांत सांगायची, "असा विद्यार्थी तुम्हाला जन्मात मिळाला नाही."

हा विद्यार्थी लायसन्सच्या टेस्टला तीनदा नापास झाला.

पहिल्यांदा थांबायची रेघ ओलांडून फुलांच्या कुंड्यांपर्यंत गेला, आणि परीक्षक साहेबांनी हँडब्रेक ओढला म्हणून कुंड्या वाचल्या. दुसऱ्यांदा कुंड्या वाचल्या नाहीत. तिसऱ्यांदा साहेबांनी फॉर्मवर लिहिलं, "उमेदवार थांबत नाही." ब्रेकबाई तो फॉर्म घेऊन त्यांच्याशी भांडायला गेली. "माझ्यासोबत लोण्यासारखा थांबतो. तुम्हीच घाबरवता त्याला." साहेब म्हणाले, "बाई, घाबरतो तो मी."

आता सातवा महिना लागला होता. नवऱ्याने तिच्या सगळ्या ड्रेसच्या शिवणी उसवून उसवून कापड संपवलं होतं आणि आता बाजूला पट्ट्या जोडत होता. तो टेस्टचा विषय निघाला की खाली मान घालायचा आणि ती परीक्षकांच्या नावाने बोटं मोडायची. शेवटी मी ठरवलं, स्वतः मागे बसून बघायचं.

त्या दिवशी ब्रेकबाई शेजारच्या सीटवर बसली आणि पोट समोर टेकायला लागलं, म्हणून तिने सीट पहिल्यांदाच पार मागे सरकवली. गाडी निघाली. दोन वळणं सुरेख घेतली. पुढे एका घराचं बांधकाम चाललं होतं आणि रस्त्याच्या कडेला वाळूचा ढीग होता. "ढिगाच्या अलीकडे थांबवा," मॅडम म्हणाल्या. गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने आरामात पुढे गेली आणि वाळूत नाक खुपसून उभी राहिली. कोणाला धक्कासुद्धा बसला नाही. फक्त बांधकामावरचा गवंडी हातातली थापी खाली ठेवून बघायला आला.

"ब्रेक का नाही दाबलात?" तिने विचारलं.

"थांबवली की मी."

"कशी?"

"पाय उचलला."

"पाय उचलून गाडी थांबते?"

तो विचारात पडला. खोटं बोलणारा माणूस नव्हेच तो. "आजपर्यंत थांबत होती," तो म्हणाला.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोटरच्या मशीनचं पायडल दाबलं की सुई पळते आणि पाय उचलला की जागच्या जागी थांबते. पंधरा वर्षं हा पाय उचलून थांबत आलेला. गाडीतही त्याने तेच केलं आणि गाडी थांबली, कारण शेजारून बायकोचा पाय तिला न विचारता ब्रेकवर पडत होता. हा उचलायचा, ती दाबायची. चार महिने दोघांपैकी एकालाही पत्ता नाही. नवराबायकोचा इतका मेळ मी कुठे पाहिला नाही, आणि इतका बिनकामाचा तर नाहीच.

मी पोट धरधरून हसलो. ब्रेकबाई हसली नाही. ती हवेत लोंबणाऱ्या आपल्या उजव्या पायाकडे बघत होती, ब्रेकपासून वीतभर लांब, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे मी ह्याला काहीच शिकवलं नाही. चार महिने माझी मीच गाडी चालवत होते," ती म्हणाली. "ह्याच्या भरवशावर मी मागे बसणार होते, काका."

माझं हसू आटलं. मग शिंप्याने वाळूत रुतलेल्या गाडीचा हँडब्रेक नीट ओढला, जे त्याला उत्तम येत होतं, आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "तू मागेच बसणार आहेस. दोन महिने आहेत अजून." गाडीत त्याने तिला तू म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात नवाच प्रकार सुरू झाला. मशीनच्या पायडलशेजारी त्याने एक वीट ठेवली. शिवण संपली की पाय पायडलवरून उचलायचा आणि विटेवर दाबायचा. कॉलर असो, बाही असो, काज असो, दर थांब्याला वीट. गिऱ्हाइकं बाहेरून ऐकायची, खर्रर्र आणि धप. एका आजींनी त्याला पायाला लावायला तेल आणून दिलं. त्याने ते घेतलं आणि आभार मानले, कारण खरं कारण सांगायला तोंडातून टाचण्या काढाव्या लागल्या असत्या.

संध्याकाळी मोकळ्या मैदानावर सराव. ब्रेकबाईला आता मागे बसणं भागच होतं, म्हणून शेजारी मी. पण तिचा माझ्यावरही विश्वास नाही. "काका, पाय वर," पहिल्याच दिवशी मागून हुकूम आला. "तुमचाही पाय आपोआप पडतो. मी तुमच्याकडूनच शिकलेय." तेव्हापासून ह्या वयात, गुडघ्यांचं गाऱ्हाणं ऐकत, मी सीटवर मांडी घालून बसायला लागलो. मैदानावर फिरायला येणारे लोक मला हात जोडायचे की हसायचे ते मी बघितलं नाही. पहिला आठवडा भयंकर गेला. दुसऱ्यात पाचपैकी तीनदा ब्रेक लागायला लागला. मागून ती काही बोलायची नाही, पण प्रत्येक थांब्याला तिचा पाय चटईवर दाबला जायचा तो आवाज मला यायचा, आणि मला वाटतं त्यालाही यायचा.

चौथ्या टेस्टला तो पास झाला. साहेबांनी कुंड्या आधीच आत नेऊन ठेवल्या होत्या. म्हणाले, "आता थांबतो. जरा जास्तच थांबतो."

मग ठरल्या तारखेच्या बारा दिवस आधी, सकाळी अकराच्या सुमाराला, शिंप्याचा फोन आला. मी गाडी घेऊन त्यांच्या घरी धावलो. तो दुकानातून तसाच पळत आलेला, गळ्यात टेप, बाहीला टोचलेली सुई. मी सवयीने स्टिअरिंगवरच बसून राहिलो होतो. बायकोला मागे बसवून त्याने माझ्या बाजूचं दार उघडलं आणि नुसता उभा राहिला. मी उतरलो आणि शेजारी जाऊन बसलो.

"काका," मागून कळ दाबत आवाज आला, "पाय."

"घेतलेत गं बाई, घेतलेत."

तो रस्ता मी विसरणार नाही. शाळेच्या फाटकापाशी डाव्या गल्लीतून एक टेम्पो मागचंपुढचं न बघता बाहेर आला. माझ्या सगळ्या अंगाला ब्रेक हवा होता, आणि पाय मांडीखाली मुंग्या येऊन पडलेले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी उभी होती आणि टेम्पो हातभर पुढून निघून जात होता. पेन्सिल जागेवर होती. शिंप्याचे ओठ पांढरे पडले होते, पण पाय ब्रेकवर रोवलेला होता. मागून ती म्हणाली, "चल आता, की इथेच करू?"

दवाखान्यात तिला आत नेलं आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर. आतून तिचा आवाज आला की ह्याचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. पुन्हा आवाज, पुन्हा पाय. गुडघ्यापासून ताठ, टाच उचललेली, नखांपर्यंत जोर. मी बघत होतो. त्या फरशीखाली काही नव्हतं. आत जे काय चाललं होतं ते तिचं तीच करत होती.

"पाय वर घे रे," मी म्हटलं.

तो बाकावर मांडी घालून बसला. त्याला सोबत म्हणून मीही बसलो. तासाभराने नर्स बाहेर आली, आम्हाला बघून थबकली आणि म्हणाली, "बाकावर पाय घेऊन बसायचं नाही. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

त्याने पाय खाली सोडले. गळ्यातली टेप काढली आणि तिनेच डोळे पुसले. नंतर मुलगी हातात मिळाली तेव्हा नर्सचा डोळा चुकवून तिचं माप घेतलं आणि मला हळूच म्हणाला, "अंगडी सगळी दोन इंच मोठी झालीत." आयुष्यात पहिल्यांदा त्याचं माप चुकलं होतं आणि तो त्या गोष्टीवर खूश होता.

तिसऱ्या दिवशी घरी निघालो. दार त्याने उघडलं, तिला मागे बसवलं, मुलीला मांडीवर दिलं. मी पुढे बसलो आणि कोणी सांगायच्या आत मांडी घातली. तो वीसच्या वर गेला नाही. मागे हॉर्नची रांग लागली, एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं. एरवी मी काच खाली करून चार शब्द सुनावले असते. एक स्पीडब्रेकर गेला, दुसरा गेला. चटईचा आवाज आला नाही. मला चैन पडेना, म्हणून मी मान वळवून बघितलं.

ब्रेकबाई झोपली होती. तोंड उघडं, केस विस्कटलेले, छातीशी दोन इंच मोठ्या अंगड्यातली मुलगी. चपला खाली चटईवर पडल्या होत्या आणि दोन्ही पाय तिने सीटवर पोटाशी घेतले होते.

मी शिंप्याला खूण केली. त्याने आरशात बघितलं, लगेच पुन्हा रस्त्याकडे बघितलं आणि पुढच्या वळणावर, तिला जाग येऊ नये इतक्या अलगद, गाडी हळू केली. गाडीत आम्ही चौघं होतो आणि ब्रेकवर पाय एकाचाच होता.