पिंजऱ्यातली पंगत

काचेवर अंडं फोडलं की मोजमाप घेण्याआधी काका बलकाला "गुड मॉर्निंग" म्हणत. बलक फिकट निघाला तर "बरं नाही वाटतं?" अशी चौकशीही करत.

केंब्रिजजवळच्या एका प्रयोगशाळेत ते टेक्निशियन होते. मूळचे नागपूरचे, साठीला टेकलेले. मी पुण्याहून पीएचडीला आलेली, म्हणून त्यांना काका म्हणायचे. दोन हजार चार-पाचची गोष्ट. माझा विषय क्वेल, म्हणजे आपले लावे. एका रांगेतल्या माद्यांच्या खाद्यात मेथीची आणि झेंडूच्या पाकळ्यांची पूड, दुसरीला साधं खाद्य. मग अंड्यांत काय फरक पडतो ते बघायचं.

फरक पडेचना. साध्या रांगेतले बलकही केशरी होऊ लागले. मी रडकुंडीला आले.

"विलायती पक्षी, त्यांचं काय सांगावं!" काका म्हणाले. इतक्या गंभीर चेहऱ्याने, की तुम्हीही फसला असतात.

एका शनिवारी मी न सांगता लवकर गेले. काका डबा उघडून साध्या रांगेला मेथीची पानं भरवत होते.

"अहो काका!"

"धुतलेली आहे गं," ते दचकून म्हणाले. "घरच्या गार्डनमधली."

"माझी सगळी ट्रायल गेली!"

त्यांचा चेहरा उतरला. "तुझा विचारच केला नाही बघ. समोर मेजवानी आणि यांनी नुसतं बघत बसायचं... शाळेत आम्हाला वेगळ्या रांगेत बसवायचे. वाढायचे तेही लांबून."

मला पुढे रागावता आलं नाही.

सोमवारी ते स्वतःच बॉसकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. बाई इंग्रज, कडक. त्यांनी एवढंच विचारलं, "रोज किती पानं?"

"मूठभर."

"कुणाची मूठ?"

काकांनी निमूटपणे आपली मूठ पुढे केली. बाईंनी खरोखरच मेथी आणायला लावली आणि ती मूठ तराजूवर तोलली!

ट्रायल पहिल्यापासून सुरू झाली. काकांना खाद्याला हात लावायची बंदी. तरी माझे गेलेले दिवस भरून निघावेत म्हणून ते रविवारीही अंडी मोजायला यायचे. या वेळी पूड खाणाऱ्यांचे बलक केशरी निघाले, साध्यांचे फिके. कवचात मात्र काही फरक नव्हता.

रिटायर झाले त्या दिवशी केक कापायच्या वेळी काका गायब. बॉसबाई आणि मी शोधत गेलो. सूट-टाय घातलेले काका शेवटच्या पिंजऱ्याशी वाकून म्हणत होते, "येतो हं."

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"परत येईन म्हणाले."

"पण ते तर रिटायर होताहेत!"

"आमच्याकडे जाताना असंच म्हणतात," मी म्हटलं.

पुढच्या हिवाळ्यात काका गेल्याचं कळवायला लंडनजवळच्या वॉटफर्डहून त्यांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी अंडी मोजत होते. माझ्या वहीतलं त्या दिवसाचं पान अर्धंच भरलेलं आहे.